आश्रम मोझरीत, कसोटी लाखांदुरात

भंडारा जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, वैनगंगा आणि चुलबंदच्या काठाने लाखांदूर तालुका पसरला आहे. एका अंगाला चंद्रपूर जिल्ह्यातली ब्रह्मपुरी, दुसऱ्या अंगाला गडचिरोलीतली वडसा, तिसऱ्या अंगाला गोंदियातली अर्जुनी-मोरगाव. इथला मुलगा पदवीधर झाला की त्याच्या प्रमाणपत्रावर राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव येते, कारण २००५ पासून नागपूर विद्यापीठ त्यांच्या नावाने चालते. दिवाळीच्या आधी गावोगाव पुण्यतिथीचा कार्यक्रम लागतो, खंजिरी वाजते, गोपालकाला होतो. दिवाळी सरली की मंडईचा हंगाम सुरू होतो आणि दंडारीच्या शेजारी भजनी मंडळांचीही हजेरी लागते. थोडक्यात, महाराजांच्या नावाची या तालुक्यात वाण नाही. वाण आहे ती ज्या कामासाठी त्यांनी आश्रम काढला त्या कामाची. अमरावती जिल्ह्यातल्या मोझरीला त्यांनी १९३५ साली गुरुकुंज उभारले, ते लोकांनी तिथे येऊन मुक्कामी राहावे म्हणून उभारले नव्हते. माणसे तयार व्हावीत आणि आपापल्या गावी परत जावीत, हा त्यामागचा हेतू होता. म्हणून गुरुकुंजाचे यशापयश मोझरीच्या प्रांगणात उभे राहून कळणार नाही. ते लाखांदूरसारख्या दूरच्या तालुक्यात पाहावे लागेल, आणि तिथेही ते पाहायची जागा भजनाचा मांडव नसून ग्रामसभा आहे, असे माझे म्हणणे आहे.

महाराजांचे चरित्र नीट वाचले तर हे म्हणणे ओढूनताणून आणलेले वाटणार नाही. १९०९ साली अमरावती जिल्ह्यातल्या यावलीत माणिक बंडोजी इंगळे या नावाने जन्मलेला हा मुलगा शाळेत फार शिकला नाही. वरखेडच्या आडकोजी महाराजांना त्याने गुरू मानले. तरुणपणी रामटेक, सालबर्डी, रामदिघी, गोंदोडा अशा जंगलांत त्याची वर्षे गेली. इथवरची कथा आपल्याकडच्या कितीतरी साधुपुरुषांसारखीच आहे. वळण येते ते पुढे. जंगलातून बाहेर आलेल्या माणसाभोवती भक्तांची गर्दी जमली, सालबर्डीला मोठा यज्ञ झाला, आणि नेमके त्याच सुमारास त्यांनी आश्रम काढला. गादी, संप्रदाय, चमत्काराच्या कथा हे सगळे हाताशी असताना पुढच्याच वर्षी, १९३६ साली, ते गांधीजींच्या निमंत्रणावरून वर्ध्याजवळ त्यांच्या आश्रमात सुमारे महिनाभर राहून आले. १९४२ च्या ऑगस्टमध्ये चिमूर, आष्टी, यावली, बेनोडा इथे लोक उठले, तेव्हा महाराजांच्या भजनांनी माणसे पेटवली असे सरकारचे मत झाले. त्यांना चंद्रपुरात अटक झाली आणि नागपूर-रायपूरच्या तुरुंगात सुमारे शंभर दिवस ठेवण्यात आले. चिमूर हे लाखांदूरला परके गाव नाही. वैनगंगा ओलांडून ब्रह्मपुरीच्या बाजूने गेले की तोच मुलूख लागतो. तुरुंगातून सुटलेल्या माणसाला पुढे शांतपणे कीर्तने करीत राहता आले असते. त्यांनी आपल्या सेवामंडळाच्या शाखा गावोगाव काढल्या, मासिक सुरू केले आणि पन्नाशीच्या दशकाच्या मध्यावर ग्रामगीता सिद्ध केली.

ग्रामगीतेचा नुसता आराखडा पाहिला तरी पुष्कळ समजते. ४१ अध्याय, ४६७५ ओव्या. देवदर्शनाने सुरुवात होते खरी, पण हा ग्रंथ पुढे ग्रामशुद्धीवर, आरोग्यावर, गोवंशावर, गरिबी-श्रीमंतीवर, महिलांच्या उन्नतीवर, लग्नातल्या खर्चावर, अंत्यसंस्कारावर बोलतो. यात्रा-मेळ्यांतली घाण त्याला दिसते, नशिबाला दोष देत बसलेला माणूस दिसतो. मत विकू नका, जात-नाते पाहून देऊ नका, हेही त्यात आहे. संतांच्या चमत्कारांवर एक स्वतंत्र अध्याय आहे, आणि चमत्कारावरून संत ओळखण्याची आपली खोड त्यात चांगलीच तासली आहे. ज्याच्याविषयी चमत्काराच्या कथा सांगितल्या जात होत्या, त्यानेच हे लिहावे, यातच त्यांचा कल कळतो. सामुदायिक प्रार्थनेची मांडणीही पाहण्यासारखी आहे. समोर एक आसन मांडलेले, त्याला अधिष्ठान म्हणायचे. त्यावर कोणत्याही देवाची मूर्ती नाही. ज्याने त्याने आपला देव तिथे पाहावा. बसायला रांगा, आणि रांगेत जात विचारायची नाही. १९३०-४० च्या दशकांतल्या वऱ्हाड-झाडीपट्टीत पाणवठे वेगळे होते, हे लक्षात घेतले तर त्या रांगेचे मोल कळते. आता कितीतरी ठिकाणी त्या आसनावर महाराजांचीच तसबीर विराजमान असते. प्रेमापोटी असते, मान्य. पण आसन रिकामे ठेवण्यामागे जो विचार होता, तो हाराखाली झाकला जातो.

अलीकडच्या आश्रमांशी तुलना केली तर फरक आणखी ठळक होतो. आज आश्रमाची थोरवी एकरांवर, सभामंडपाच्या क्षमतेवर आणि वाहिनीवरच्या प्रवचनांवर मोजली जाते. माणूस घर सोडून आश्रमाकडे जातो, तिथे काही दिवस बरे वाटते, परत येतो आणि गावच्या नालीत पाणी तसेच तुंबलेले असते. महाराजांच्या काळात विदर्भाने वेगळी तिकडी पाहिली. गाडगेबाबांनी धर्मशाळा, शाळा बांधल्या पण स्वतःचा शिष्यसंप्रदाय होऊ दिला नाही. विनोबा पवनारहून निघाले ते जमीन मागत देशभर चालत राहिले. आणि तुकडोजी महाराजांनी आश्रम बांधला, पण त्याला शाळेसारखे वापरले. मोझरीचा प्रचारक गावात जायचा तो प्रार्थना लावायला, पण प्रार्थनेनंतर माणसे बसायची आणि गावचे बोलायची. ब्रह्मपुरी तालुक्यातल्या अड्याळ टेकडीवर तुकारामदादा गीताचार्यांनी ग्रामगीतेलाच कार्यक्रम मानून काम उभे केले, ते याच वळणावरचे. लाखांदूरकरांना हे उदाहरण दूरचे नाही, शेजारच्या तालुक्यातले आहे.

आता कसोटीकडे. पुण्यतिथी सप्ताहात पहाटे रामधून निघते. त्याआधी बायाबापड्या रस्ता झाडतात, दारात सडा पडतो, रांगोळ्या निघतात, तरुण पोरे नाल्यांतला कचरा उपसतात. एका सकाळी गाव लख्ख होते. या सकाळची टिंगल करायचे कारण नाही. गावाला एकत्र येऊन हात चालवता येतात, याचा तो पुरावाच आहे. प्रश्न पुढच्या सकाळचा आहे. त्याच गावात ग्रामसभा लागते तेव्हा काय होते, हे पंचायतीशी संबंध असलेला कुणीही सांगेल. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा शंभर, यांतले जे कमी असेल तेवढे लोक लागतात. शंभर माणसे गोपालकाल्याला येतात, ग्रामसभेला येत नाहीत. सभा तहकूब होते. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही, म्हणून पुढच्या तारखेला पंधरा-वीस डोकी बसतात, ग्रामसेवक विषय वाचतो, नोंदवहीवर सह्या होतात आणि गावाचा वर्षभराचा आराखडा मंजूर. महिलांची वेगळी सभा आधी घ्यायची असते, तीही बहुतेकदा कागदावर उरकते. हा कायद्याचा दोष म्हणता येणार नाही. कायद्याने दार उघडे ठेवले आहे. पण महाराजांच्या नावाने मांडवात दाटीवाटीने बसणारे गाव ग्रामसभेला फिरकत नसेल, तर गुरुकुंजाचे काम त्या गावात अर्ध्यावर थांबले आहे, एवढे तरी कबूल करावे लागेल.

लाखांदूरच्या बाबतीत हे नुसते नीतिपाठ राहत नाहीत, कारण इथे गावाच्या एकीवर थेट पीक अवलंबून आहे. भंडारा हा तलावांचा जिल्हा. धानाच्या बांध्यांना पाणी पुरावे म्हणून कोहळी समाजाने आणि मालगुजारांनी शेकडो वर्षांत तलाव बांधले, लहान शेतकऱ्यांनी बोड्या खोदल्या. १९५१ मध्ये मालगुजारी गेली आणि तलाव सरकारी खात्यांकडे, जिल्हा परिषदेकडे आले. मालगुजार गेला हे चांगलेच झाले. तलावाची पाळ धरायला तो गावाकडून वेठ करवून घेत असे, हे विसरून जुन्या दिवसांचे गोडवे गाणाऱ्यांनी जरा थांबावे. पण मालगुजार गेल्यावर पाळ कुणाची, गाळ कुणाचा, सांडवा कुणी पाहायचा, याचे उत्तर गावाने दिले नाही आणि खात्याला देता आले नाही. तलावात गाळ भरला, काठाने बेशरमाची झुडपे माजली, कुठे तलावाच्या पोटातच बांध्या पडल्या. रोवणी झाल्यावर पावसाने ताण दिला, किंवा धान निसवायच्या वेळी पाऊस रुसला, की शेतकऱ्याला पाणी सोडायचे असते. त्याच वेळी तलाव घेतलेल्या ढिवरांच्या मच्छीमार संस्थेला मासळीसाठी पाणी राखायचे असते. दोघांचेही पोट त्यावर आहे, दोघेही बरोबर आहेत. हा तंटा अधिकाऱ्याच्या एका पत्राने मिटत नाही. पाळीवर एकत्र उभे राहून, किती पाणी कधी सोडायचे आणि किती ठेवायचे, हे वर्षाच्या सुरुवातीला ठरवावे लागते. श्रमदानावर महाराजांचा जो भर होता, तो इथे उपयोगी पडतो. वेठ आणि श्रमदान यांत कुदळ तीच असते. फरक आहे तो ठरवणारा कोण यात. ग्रामगीतेने गावाला ठरवणारा व्हायला सांगितले.

इथे सर्वांत वजनदार आक्षेप उभा राहतो, आणि तो बाबासाहेब आंबेडकरांचा आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत मसुदा मांडताना त्यांनी भारतीय खेड्याविषयीच्या भाबड्या कौतुकाचे वाभाडे काढले. खेडे हे अज्ञानाचे, संकुचितपणाचे घर आहे, म्हणूनच राज्यघटनेने व्यक्तीला एकक मानले याचा आपल्याला आनंद आहे, असा त्यांचा रोख होता. हे काही दिल्लीत बसून केलेले तर्कट नव्हते. १९५४ मध्ये याच भंडारा लोकसभा मतदारसंघातून बाबासाहेब पोटनिवडणुकीला उभे राहिले आणि पडले. जवळपास त्याच वर्षांत तिकडे ग्रामगीता आकार घेत होती. एकाच मुलखात, एकाच काळात, एक माणूस गावाला देव मानत होता आणि दुसरा गावाच्या तावडीतून माणसाला सोडवत होता. यांपैकी कोण बरोबर, या प्रश्नाला मधले गुळमुळीत उत्तर देऊन चालणार नाही. जिथे गाव एखाद्याला वाळीत टाकते, विहिरीवर चढू देत नाही, जातीबाहेर लग्न केले म्हणून घर पेटवते, तिथे बाबासाहेब बरोबर आहेत. ग्रामगीता अस्पृश्यतेच्या विरुद्ध आहे, निःसंशय आहे. पण तिची सारी भिस्त समजावण्यावर आहे. समजावूनही बलदंड माणूस ऐकत नसेल तर दुबळ्याने काय करायचे, याचे उत्तर तिच्याकडे नाही. ते उत्तर राज्यघटनेकडे, फौजदारी कायद्याकडे आणि पंचायतीतल्या राखीव जागांकडे आहे. म्हणून संविधान बाजूला ठेवून कुणी ग्रामगीतेच्या नावाने गावाची जुनी पंचगिरी परत आणू पाहत असेल, तर त्याला थेट विरोध केला पाहिजे. महाराजांच्या भक्तांनीच तो आधी केला पाहिजे.

पण हा आक्षेप मान्य करूनही माझा मुद्दा उरतो, किंबहुना तो जास्त टोकदार होतो. १९९२ च्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला घटनात्मक जागा दिली. ज्या व्यक्तीला बाबासाहेबांनी एकक मानले, तीच व्यक्ती, बाई असो की दलित, मतदार म्हणून त्या सभेत हक्काने बसते. सरपंचपद आरक्षणाने तिच्याकडे येते. हक्क मिळाला, पण तो वापरायची सवय कायद्याने लागत नाही. आरक्षणाने सरपंच झालेल्या बाईच्या जागी नवरा खुर्चीत बसतो आणि सभा गप्प असते, तेव्हा कमी पडते ती कलमे नसून शेजारी बसून बोलण्याची रीत आहे. बाबासाहेबांनीही बंधुतेशिवाय स्वातंत्र्य आणि समता टिकणार नाहीत, असे बजावले होते. बंधुता सरकारी आदेशाने येत नाही. ती कुठल्या तरी रोजच्या, साध्या, वारंवार केलेल्या कृतीतून येते. रांगेत एकत्र बसून केलेली प्रार्थना ही तशी एक कृती होती. तेवढ्याने भागत नाही, पण तिच्याशिवायही भागलेले दिसत नाही.

दुसरा आक्षेप डाव्या बाजूने येतो: गावाने स्वतः करावे, असे सांगत राहिले की सरकारला रान मोकळे होते. रस्ता नाही? श्रमदान करा. डॉक्टर नाही? आरोग्याचे नियम पाळा. या आक्षेपात तथ्य आहे, आणि स्वच्छता अभियानांच्या पुरस्कारांच्या पाट्या पाहिल्या की ते पटते. राज्याने ग्रामस्वच्छतेच्या स्पर्धांना गाडगेबाबांचे आणि तुकडोजी महाराजांचे नाव दिले, बक्षिसे दिली, आणि बक्षीस घेऊन गेल्यावर गावे पुन्हा पूर्वपदावर आली. मात्र संघटित गाव सरकारला सूट देते, हे मला पटत नाही. अनुभव उलटा आहे. तलावातला गाळ काढायच्या योजनेचा पैसा कुठे गेला, कंत्राटदाराने पाळीवर किती माती टाकली, रोजगार हमीच्या हजेरीपटावर मेलेल्या माणसाचे नाव कसे, हे विचारायला एकट्यादुकट्याची छाती होत नाही. शंभर माणसांच्या सभेत ते विचारले जाते आणि लिहून घ्यावे लागते. सरकारला सूट मिळते ती पंधरा डोक्यांच्या तहकूब सभेत.

तिसरा आक्षेप राजकारणाचा. १९५६ मध्ये भारत साधू समाज निघाला तेव्हा महाराज त्याचे अध्यक्ष झाले. १९६४ मध्ये विश्व हिंदू परिषदेच्या स्थापनेतही ते होते. त्यामुळे एक बाजू त्यांना आपल्यात ओढते, दुसरी त्यांच्यापासून अंतर राखते. दोन्ही बाजूंना ग्रामगीता वाचायचा कंटाळा असावा. गांधीजींच्या आश्रमात राहिलेला, विनोबांच्या भूदानात हिरिरीने उतरलेला आणि परिषदेच्या स्थापनेतही असलेला माणूस एका पक्षाच्या पेटीत मावत नाही. धर्माच्या बाबतीत मात्र त्यांच्या प्रार्थनेची रचनाच पुरेशी बोलकी आहे. मुसलमान, ख्रिस्ती, बौद्ध कुणालाही त्या रांगेत बसताना आपला देव बाहेर ठेवावा लागू नये, अशीच ती केली आहे. आता तिथे बसणाऱ्याला परके वाटावे असे काही वाढवले गेले असेल, तर ते नंतरच्यांचे.

तरुण बाहेर गेले, गावात उरले कोण, असेही म्हटले जाते. रोवणी आटोपली की लाखांदूरची तरुण पोरे कामासाठी नागपूरकडे, तेलंगणाकडे जातात, हे खरे. पण गावात जे उरतात त्यांत बाया जास्त, आणि गावाच्या एका प्रश्नावर त्यांच्याच हाती किल्ली आहे. वैनगंगेपलीकडे गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी, अलीकडे भंडाऱ्यात दुकाने उघडी. सीमेवरच्या तालुक्यात याचा अर्थ काय होतो, हे सांगायला नको. व्यसनमुक्ती हा महाराजांच्या भजनांचा कायमचा विषय. भजन ऐकून दारू सुटलेली माणसे विदर्भात पुष्कळ सापडतील. पण दुकान हटवायचे असेल तर खंजिरी पुरत नाही. गावातल्या निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारावा लागतो. आलेल्यांपैकी निम्म्या नव्हेत, यादीतल्या निम्म्या. त्यासाठी घरोघर फिरावे लागते, मतदानाच्या दिवशी रोवणीची मजुरी बुडवून रांगेत उभे राहावे लागते, दुकानदाराच्या माणसांच्या नजरा झेलाव्या लागतात. सेवामंडळाची महिला शाखा ज्या गावात आहे, तिथे हे फिरणे सोपे जायला हवे. शाखा आहे आणि ठराव नाही, अशी गावे या तालुक्यात असतील तर त्यांनी आपल्या मंडळाच्या बैठकीत हा विषय घ्यावा.

त्यासाठी मोझरीहून आदेश यायची गरज नाही. सरपंचाला वर्षात कधीही ग्रामसभा बोलावता येते. ती पुण्यतिथी सप्ताहातच, रामधुनीच्या दिवशी, त्याच मांडवात बोलावायला कुठलाही नियम आडवा येत नाही. माणसे आलेली असतात, ध्वनिक्षेपक लागलेला असतो, काल्याला अजून वेळ असतो. विषयपत्रिकेवर तीन विषय पुरेत: तलावातले पाणी यंदा शेतकरी आणि ढिवर कसे वाटून घेणार, गाळ काढण्याच्या कामाचा हिशेब, आणि दारूच्या दुकानाविरुद्ध महिलांचा अर्ज.